थोरले दारात अडकले

आत्याच्या चष्म्याची मोडकी काडी बदलून आणायला तिच्या धाकट्या भावाला अख्खा उन्हाळा लागला होता. त्याच भावाने एका सकाळी चहाचा कप स्वतःच्या हाताने आणून तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "आक्का, यंदा आपण सगळे परदेशी जाऊ. तूसुद्धा." तेव्हाच आत्याच्या मनात पाल चुकचुकली. साधीसुधी नव्हे, चांगली सुसरीएवढी पाल.

"मी? आणि माझं काम?"

"काम कुठे पळून जातंय?" भाऊ म्हणाला आणि स्वतःच आणलेल्या कपाकडे बघत राहिला.

काम म्हणजे पुस्तकबांधणी. घराच्या मागच्या खोलीत आत्या उसवलेली पुस्तकं बांधायची. दाभणाने भोकं पाडून घडीच्या पानांचे फर्मे शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठे चढवायचे आणि सगळी चळत यंत्राखाली दाबून ठेवायची. ते यंत्र म्हणजे लोखंडाचं धूड. वर ट्रकच्या स्टिअरिंगएवढं चाक, मधून मनगटाहून जाड मळसूत्र, खाली पाट. घरात सगळे त्याला ‘थोरले’ म्हणत. थोरल्यांचा दाब असा, की एकदा शेजारच्या वकिलांचा कायद्याचा ठोकळा जरा जास्त वेळ खाली राहिला, तर सगळी कलमं एका पानात मावली. वकील तेवढं एकच पान खिशात घालून कोर्टात जाऊ लागले आणि भराभर खटले जिंकू लागले, असं आत्या सांगायची. वकिलांनी ते कधी नाकारलं नाही. धंद्याला बरं असतं.

आत्याने लग्न केलं नाही. नातेवाईक म्हणायचे, "हिची गाठ थोरल्यांशी बांधलेली."

"बरं झालं," आत्या म्हणायची. "घोरत नाहीत, आणि जिथे ठेवलेत तिथे असतात."

निघायच्या आदल्या दिवशी तिने शाळेच्या ग्रंथालयाचे शब्दकोश खळ लावून थोरल्यांच्या खाली ठेवले, चाक आवळलं, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली भावजयीसमोर स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. "मी येईपर्यंत याला हात लागता कामा नये. खळ ओली आहे."

"नाही हो वन्सं, कोण लावतंय हात?" भावजय म्हणाली. मग जरा थांबून पुन्हा म्हणाली, "कोण लावतंय?" एकदा म्हणाली असती, तर आत्याने विश्वास ठेवला असता.

बरोबर पुतण्याही होता. त्याला घरात ‘मीटिंग’ म्हणत. ऑफिसचं काम तो घरून करायचा आणि जेवणाचं टेबल त्याने असं काबीज केलं होतं, की बाकीचे स्वयंपाकघरात उभ्याने जेवायचे, तेही तोंडाचा आवाज न करता. भाजीत मीठ कमी असलं तर भाऊ खुणेने सांगायचा. एकदा त्याला शिंक आली, तर पलीकडच्या साहेबाने तिला होकार समजून नवं काम गळ्यात मारलं होतं.

तर अशी ही चौघं एका रणरणत्या दुपारी परदेशातल्या एका टेकडीवर पोचली. वर फार जुन्या देवळाचे अवशेष होते. लग्न उरकल्यावर मांडवाचे खांब पडलेले असतात तसे दगडी खांब आडवेतिडवे पसरले होते. पायऱ्या होत्या, पण त्या ज्या दारात चढायच्या ते दारच नव्हतं. पिवळी छत्री उंच धरून पुढे चाललेल्या गाइडला यांच्या भाषेतली काही मोजकी वाक्यं पाठ होती आणि सगळ्या जगाचा कारभार तो तेवढ्यावर चालवत होता. कोणी ठेचकाळलं की "सुंदर आहे ना?" कोणी मागे राहिलं की "कृपया पुढे चला, पुढे आणखी सुंदर आहे." आणि कशालाच उत्तर नसलं की "पाणी प्या."

गाभारा तेवढा शाबूत होता. आत गार, अर्धवट अंधार. मध्ये कमरेएवढा दगडी चौथरा, वरून गुळगुळीत झालेला. रिकामा.

"देव येथे होते," गाइड म्हणाला. "आता देव संग्रहालयात आहेत. काचेची पेटी आहे. थंड हवा आहे. देव फार सुखी आहेत."

"देवाला विचारलं होतं का?" आत्याने विचारलं.

गाइडने मनातली सगळी वाक्यं चाळली. "पाणी प्या," तो म्हणाला.

तेवढ्यात गाभाऱ्यात किणकिणाट झाला. टेकडी चढताना फोनची रेंज गेली होती. या एका जागी, बहुधा फुटलेल्या छपरातून, ती धो धो खाली आली. देव गेला, पण कनेक्शन राहिलं होतं. पुतण्याच्या फोनवर निरोपांवर निरोप आदळले आणि पाठोपाठ व्हिडिओ कॉल आला. मामाचा. मामा म्हणजे भावजयीचा भाऊ, धंद्याने ठेकेदार. सहाव्या मजल्यावरच्या गवंड्याशी तो जमिनीवरून फोनशिवाय बोलायचा. त्याच्या आवाजाची कल्पना यावी म्हणून सांगितलं.

"अरे भाच्या, घोळ झाला!" मामा ओरडला. "थोरले दारात अडकले! अर्धे आत, अर्धे बाहेर! आणि मी आत!"

पुतण्याने फोन पोटाशी दाबला. पण गाभारा घुमणारा. "मी आत... मी आत..." असं चारही भिंती सांगू लागल्या.

आत्या हळूच वळली. "कोण कशात अडकलंय?"

भाऊ छताकडे बघू लागला. भावजय पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. पुतण्या म्हणाला, "आत्या, ते ऑफिसचं..."

"तुझ्या ऑफिसात थोरले कधी लागले? दाखव इकडे."

फोनमध्ये तिच्याच खोलीचं दार होतं. दारात थोरले तिरपे कलंडलेले, चाक चौकटीत घुसलेलं, पाय उंबऱ्याबाहेर. चाकाच्या आऱ्यांमधून मामाचं टक्कल आणि दोन घाबरे डोळे. मागची भिंत अर्धी पांढरी, अर्धी ताज्या हिरव्या रंगाची. दाभणं, पुठ्ठे, खळीचं पातेलं, कशाचा मागमूस नव्हता.

"शब्दकोश कुठायत?" आत्याचा आवाज इतका खाली गेला, की भाऊ दोन पावलं मागे सरकला. त्याला लहानपणापासून माहीत होतं, आक्का ओरडते तेव्हा भ्यायचं कारण नसतं.

"गच्चीवर ठेवलेत आक्का," फोनमधून मामा म्हणाला. "अगदी व्यवस्थित. उन्हात. लवकर वाळतील."

"वाळतील! होडीसारखे वाकतील. मग मुलांनी त्यात बसून शब्द शोधायला जायचं का?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. भावजयीने पर्स बंद केली. "वन्सं, चिडू नका. याला कामाला खोली नको का? किती दिवस आम्ही कुजबुजत जेवायचं? यांनी काल झोपेतसुद्धा मीठ खुणेनेच मागितलं. आणि तुमचं वय झालं. उद्या ते धूड अंगावर पडलं म्हणजे?"

"इतक्या वर्षांत ते माझ्या अंगावर पडलं नाही. तुम्हीच पडलात."

"आत्या, प्रॅक्टिकल हो ना," पुतण्या म्हणाला. "आता पुस्तकं कोण बांधून घेतं? आणि थोरले भंगारात नाही चाललेले. मामाच्या ओळखीचं मोठं हॉटेल आहे. तिथे दर्शनी भागात ठेवणार. वरून दिवे सोडणार. खाली तुझ्या नावाची पाटी."

"आणि काचेची पेटी?"

"ती पण बसवू म्हणालेत," पुतण्या खुशीत म्हणाला. "एसी तर आहेच."

भावाने डोळे मिटून घेतले. त्याला कळलं होतं.

आत्याने एकदा पुतण्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या चौथऱ्याकडे. चपला काढून बाजूला ठेवल्या. पदर खोचला. आणि गेली कित्येक वर्षं बसचं पायदान चढायला जिला दोन माणसं लागायची, ती एका दमात चौथऱ्यावर चढून मांडी घालून बसली.

"वन्सं! अहो, देवाची जागा ती!"

"देव सुखी आहेत. पेटी आहे, थंड हवा आहे. जागा मोकळी दिसली, बसले. तुम्हाला माझी दिसली, तशी."

"आक्का, खाली ये," भाऊ म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू दे. लोकांना बघायलाच आणलंय ना इथे? थोरले त्यांच्या जागेवर गेले की मी उठेन. तोवर तुम्ही कृपया पुढे चला. पुढे आणखी सुंदर आहे म्हणे."

गाइडने छत्री मिटली. आपली वाक्यं कोणी आपल्यावरच उलटवील असं त्याला प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात पहारेकरी आला. पहाडासारखा माणूस, गळ्यात शिट्टी. ती त्याने अशी फुंकली, की छपरातली सगळी पाखरं उडाली आणि त्यांतली काही, म्हणतात, अजून परतली नाहीत. मग त्याने दाराजवळच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर लाल फुल्यांखाली चित्रं होती. हात, कॅमेरा, आइस्क्रीम, कुत्रा.

आत्याने चष्मा नाकावर ढकलून पाटी नीट वाचली. "हात लावला नाही. फोटो काढला नाही. आइस्क्रीम कोणी दिलंच नाही. कुत्रा मी नव्हे. यात फुलीखाली बसलेली आत्या कुठे आहे ते दाखव म्हणावं."

गाइडने पहारेकऱ्याला त्याच्या भाषेत सगळं सांगितलं. काय सांगितलं देव जाणे, म्हणजे संग्रहालयातला. पण सांगताना तो हाताने मोठं चाक फिरवून दाखवत होता, मग दोन्ही हात दारात अडकल्यासारखे करून डोळे वटारत होता. पहारेकरी ऐकत गेला, ओठ चावत गेला आणि शेवटी पोट धरून हसला. मग तो गेला, आपली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला, गाभाऱ्याच्या दारात मांडली आणि आत्याकडे पाठ करून बसला. आता कोणाला आत यायचं असेल तर त्याला विचारून.

येणारे थांबेनात. दूरदूरच्या देशांतले प्रवासी दारातून डोकावले आणि अंधारात, चौथऱ्यावर, चष्मा लावलेली एक ताठ म्हातारी बघून जागीच उभे राहिले. कोणी टोपी काढली. एका बाईने केसातलं फूल तिच्यापुढे ठेवलं. मागून ढकलाढकली सुरू झाली तशी आत्या ओरडली, "रांगेत!" भाषा कोणालाच कळली नाही, पण रांग लागली.

"आई, माझी अब्रू चालली," पुतण्या पुटपुटला.

"थांब रे, मामाचा फोन बघ आधी," भावजय म्हणाली. रेंज फक्त चौथऱ्यापाशी होती, त्यामुळे ज्याच्याविरुद्ध मसलत करायची त्याच्याच पायापाशी उभं राहून ती करावी लागत होती.

"ताई, काहीतरी कर!" मामाची चिरकी हाक आली. "खिडकीला गज आहेत. पोरांनी ढकलून पाहिलं, ओढून पाहिलं, साबण लावला. इंचभर हलत नाहीत! आणि मला... मला जायचंय गं."

"कुठे जायचंय?"

"कुठे म्हणजे? माणूस कुठे जातो?"

आत्या वरून म्हणाली, "बघा. इथे मी बसले, तिथे ते बसले. न ठरवता. याला म्हणतात गाठ."

"पण हे आत आले कसे?" मामा कळवळून म्हणाला. "इतका धंदा केला, पण दारापेक्षा रुंद वस्तू खोलीत असलेली पहिल्यांदा बघतोय. चेटूक आहे का हे?"

"तुझ्या भावोजींना विचार," आत्या म्हणाली.

सगळे भावाकडे वळले. भाऊ तसा मवाळ माणूस. घरात त्याचं मत मागायची पद्धत पडली नव्हती, त्यामुळे कोणी मागितलं की तो गांगरून इकडेतिकडे बघायचा. आताही त्याने बघितलं.

"सांगा की," भावजय म्हणाली. "कसं आलं आत?"

"आत आलंच नाही," भाऊ म्हणाला. "खोली नंतर आली."

"म्हणजे?"

"बाबांनी यंत्र आणलं तेव्हा मागे मोकळं अंगण होतं. आधी थोरले बसवले, मग त्यांच्याभोवती भिंती उठवल्या. आक्काने सांगून टाकलं होतं ना, मी हेच काम करणार म्हणून. बाबा म्हणाले, पोरीचं काम कोणी उचलून बाहेर नेऊ नये, तेव्हा दारच लहान ठेवा. मी विटा देत होतो. मी एवढासा होतो. विसरूनच गेलो बघ मी."

"झालं तर!" मामाचा जीव भांड्यात पडला. "मग सोपं आहे. चौकट काढतो आणि बाजूची भिंत पाडतो. पोरांनो, घण आणा रे! भावोजी, पाडू ना?"

गाभाऱ्यात रांगेतले लोकही टाचा उंचावून बघू लागले. त्यांना काही कळत नव्हतं, पण कोणीतरी काहीतरी ठरवायची वेळ आली की ती कुठल्याही भाषेत ओळखू येते. आत्या भावाकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती आणि तिच्या मांडीवरची बोटं, पुठ्ठ्याची कड तपासावी तशी, साडीचा काठ चाचपत होती.

"थांब," भाऊ म्हणाला. "खिडकीखाली बघ. उजव्या कोपऱ्यात. तिथे काही उमटलंय का?"

खरखर आवाज आला. "आहे. पंजा आहे. केवढासा. मला मांजराचा वाटला."

"मांजराच्या ठशात पाच बोटं उमटतात का? माझा आहे. ओल्या गिलाव्यात. रंगवलास का तो?"

"अजून नाही. संध्याकाळी रंगवणार होतो."

"रंगवशील तर खबरदार!" भाऊ असा कडाडला, की मामाच्या हातून फोन पडला आणि पडद्यावर काही वेळ नुसतं छत दिसत राहिलं. "आणि घणाला हात लावशील तर तुला तिथेच आत ठेवून घरी आल्यावर मी स्वतः दार विटांनी बुजवीन!"

"अहो!" भावजय म्हणाली. लग्न झाल्यापासून हा आवाज तिने ऐकला नव्हता. तिला राग यायला हवा होता. पण ती पदराने तोंड झाकून हसू दाबत होती.

भावाने बूट काढले. चौथऱ्यापाशी गेला आणि म्हणाला, "सरक, आक्का."

आत्या सरकली. भाऊ शेजारी चढून बसला. त्याला काही मांडी घालता येईना, म्हणून त्याने पाय खाली सोडले. रांगेतल्या फुलवाल्या बाईने बावरून फुलाचे दोन भाग केले.

"आता आम्ही दोघंही उठत नाही," भाऊ म्हणाला. "बाहेर न्यायचं डोक्यातून काढा. आत ढकला. बाहेर नाही म्हणतात ते, आत जातील."

खरंच तसंच झालं. बाहेरून पोरांनी रेटलं, आतून मामाने ओढलं, आणि ज्या थोरल्यांनी बाहेर यायला दिवसभर इंचभर दाद दिली नव्हती, ते आत जाताना असे सुटले, की मामा त्यांच्यासकट पार समोरच्या भिंतीपर्यंत घसरत गेला आणि ओल्या हिरव्या रंगात पाठीचा ठसा उमटवून आला. त्या भिंतीवर आता एक लहान पंजा आणि एक भली मोठी पाठ आहे. जाऊन बघणाऱ्यांनी बघावं.

"झालं!" मामा ओरडला. "मी आता जाऊ?"

"जाऊन ये," आत्या म्हणाली. तेवढी मुभा तिने दिली. "आणि येताना गच्चीवरून शब्दकोश आण."

मग टेकडीवर, पडक्या देवळाच्या गाभाऱ्यात, परक्या देशातल्या माणसांच्या रांगेसमोर आत्याने फोन हातात धरून थोरले चालवले. "पाट पूस. शब्दकोश सरळ लाव. मधे फळी. आता चाक. फिरव. आणखी. कुंथतोस कशाला, मी रोज फिरवते. आणखी." शेवटी यंत्राने ‘कर्र’ असा ओळखीचा आवाज केला. तो फोनमधून गाभाऱ्यात उमटला, चारही भिंतींनी तो पुन्हा पुन्हा म्हणून दाखवला आणि आत्याचे खांदे खाली आले. "हं. बस."

"आणि मी?" पुतण्या म्हणाला. त्याचा चेहरा एवढासा झाला होता. "मी काम कुठे करायचं, आत्या?"

"मागितली असतीस तर पहिल्याच दिवशी अर्धी खोली दिली असती. मला न विचारता पूर्ण घ्यायला निघालास, म्हणून अर्धीच मिळेल. खिडकीकडची बाजू तुझी. हिरवा रंग राहू दे तिथे. आणि खळीच्या वासाबद्दल तक्रार चालणार नाही."

"मीटिंगमध्ये कर्र आवाज येईल ना पण."

"येऊ दे. तुझ्या साहेबाला वाटेल, कोणीतरी काम करतंय."

हे ऐकून भावजय मात्र मोठ्याने हसली. घरी गेल्यावर टेबलाशी बसून, भांड्यांचा आवाज करत जेवता येणार, हे तिच्या आता कुठे ध्यानात आलं होतं.

पहारेकऱ्याने हात पुढे केला. आत्या त्याचा आधार घेऊन उतरली. पायांना मुंग्या आल्या होत्या, पण तिने चेहऱ्यावर दाखवलं नाही. चपला घातल्या. फुलाचे दोन्ही भाग चौथऱ्याच्या मधोमध नीट ठेवले.

"कृपया पुढे चला," गाइड हळूच म्हणाला.

"आले." आत्याने त्या गुळगुळीत दगडावर तळवा टेकवला, गाभाऱ्याचं रुंद, ऐसपैस दार एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि इथून नेल्या गेलेल्या देवाला म्हणाली, "दार लहान ठेवायला सांगायचं होतंस रे."